शेजारच्या सीटवरचा ब्रेक

बाबा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला.

पान ठेवून आम्ही मागे सरकतोय तोवर आला आणि भातात चोच मारून उडूनही गेला. दादा हात जोडून उभा होता. तुला काय काय कबूल करायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं असणार, पण त्याला तोंड उघडायची वेळच आली नाही. खाडीकाठी जमलेली माणसं म्हणाली, समाधानाने गेला, काही मागे राहिलं नाही त्याचं. आईनेही मान हलवली. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला. तुझं काही राहिलं नसेल, माझं राहिलंय. चालू असलेलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. आता ते मी कुणाशी भांडू?

भांडण कसलं, ते आपल्या सगळ्या नावडे गावाला माहीत आहे. मी माझी गाडी चालवायला बसले की तू शेजारच्या सीटवर ब्रेक मारायचास. तिथे ब्रेक नसतो, तरी मारायचास. पुढे रिक्षा दिसली, कुत्रं दिसलं, सिग्नल पिवळा झाला, की तुझा उजवा पाय रबरी चटईवर धाडकन आदळायचा आणि तोंडाने "बाय, बाय, बाय" सुरू व्हायचं. त्या चटईला तुझ्या टाचेने भोक पडलं. मी कोपरखैरण्याहून नवी चटई आणली, तीही तू वर्षभरात झिजवलीस. आणि दादा चालवत असला की त्याच सीटवर तू खुशाल घोरायचास. हे मला झोंबायचं. त्याने तुझी स्कूटर दोनदा गटारात घातली होती. माझ्या गाडीला साधा ओरखडा नव्हता.

"दादाच्या वेळी पाय कुठे जातो तुझा?" मी विचारायचे.

"सवय हाय, बाय. पाय आपोआप जातं."

"माझ्याच वेळी जातो?"

यावर तू खिडकीबाहेर बघायचास. कॉलेजात मी मुलांना घर्षण शिकवते, गती शिकवते, नेरूळहून रोज स्वतः गाडी चालवत जाते, आणि माझा बाप माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो. मैत्रिणींना हे सांगताना मी हसायचे. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तू जीप घेतलीस तेव्हा आई म्हणाली होती, "शेत नाय उरलं, नी ह्याला चिखलान जायला गाडी." खरंच होतं तिचं. भातखाचरं गेली, मिठागर गेलं, तिथे कारखाने आणि कॉलनी उभी राहिली. तू खोल्या बांधून भाड्याने दिल्यास आणि रिकामा झालास. उभं आयुष्य चिखलात गेलेला माणूस डांबरावर काय करणार? चारही चाकांना जोर पोचवणारी ती जुनी जीप आणलीस आणि रस्ता सोडून जिथे जाता येईल तिथे जाऊ लागलास. खाडीच्या कडेची दलदल, तळोज्यामागच्या टेकड्या, खडी टाकून सोडून दिलेले रस्ते. रविवारी मी नेरूळहून यायचे आणि तुझ्या शेजारी बसायचे, माझ्या गाडीतून निघालेल्या त्या भोकाच्या चटईवर पाय ठेवून; टाकवत नाही म्हणून तू ती जीपमध्ये घातली होतीस. तेव्हा ब्रेक मारायची पाळी माझी असायची, पण मी कधी मारला नाही, हे लक्षात ठेव.

वाळवंटाचं खूळ तुझ्या डोक्यात मोबाइलने घातलं. रात्रंदिवस वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या गाड्या बघत बसायचास. "मना ती वाळू बगायची हाय," म्हणालास, आणि माझी दिवाळीची सुट्टी लागली तशी आपण निघालो. दादाला वेळ नव्हता. आईने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला सांबाल."

जैसलमेरच्या पुढे गाव संपलं, मग डांबर संपलं, मग विजेचे खांबही संपले. राहिली फक्त वाळूत उमटलेली चाकांची जुनी खूण. तू खाली उतरून चारही टायरांतली हवा कमी केलीस. कडक टायर वाळूत रुततो, मऊ केला की पसरून वर राहतो. मी गेज लावून बघत होते, तू अंगठ्याने दाबून सांगत होतास, आणि तुझा अंगठा बरोबर निघत होता. मी म्हटलं, "आता थोडा वेळ मला दे." तू म्हणालास, "उंद्या."

त्या दिवशी तू जशी गाडी चालवलीस तशी चालवताना मी तुला आधी कधीच बघितलं नव्हतं. टेकडी चढताना पाय ढिला करायचा नाही, वळायचं नाही, आणि ब्रेक तर अजिबात मारायचा नाही. मारला की गाडी तिथेच बसते. तू नाक आभाळाकडे करून गाडी सोडलीस. समोर फक्त बॉनेट आणि निळं आभाळ. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आपण माथ्यावरून पलीकडे उतरत होतो. तू मोठ्याने हसत होतास. तुझे दात तंबाखूने किती काळे झालेत ते मला त्या दिवशी दिसलं. पुढे बघत तू म्हणालास, "हितं जमीन कुनाची नाय. कोन मोजाया येनार नाय." आपली खाचरं जायच्या आधी मोजणीवालेच आले होते. पण त्या दिवसासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. माझा बाप इतका खूश मला एकदा तरी बघायला मिळाला.

मग ते पांढरं मैदान लागलं. दोन टेकड्यांच्या मध्ये, सपाट, मिठाने लखलखणारं. चाकांची जुनी खूण त्याला लांबून वळसा घालून गेली होती. मी म्हटलं, "बाबा, आपणही वळसा घालू. सगळ्यांनी घातलाय."

"त्यांना मीठ काय म्हाईत? मीठ आपल्या वलखीचं हाय, बाय."

आणि गाडी आत घातलीस. तुझं गणित मला कळत होतं. आपल्या मिठागरात पांढऱ्या थराखाली जमीन टणक असते, तिच्यावर नाचलं तरी काही होत नाही. म्हणून तुझ्या लेखी पांढरं म्हणजे पक्कं. आपल्या गावाबाहेरच्या कुठल्याच माणसाने ही चूक केली नसती. अर्ध्यात गेलो आणि थर पापडासारखा मोडला. खाली काळा, वास मारणारा गारा होता. पुढची चाकं गेली, मग मागची गेली, आणि गाडी पोटावर बसली.

तू खाली उतरलास, पोटरीपर्यंत रुतलास आणि पायानेच खालचा गारा चाचपलास. मग म्हणालास, "आपल्या हितं हंगामाच्या आदी आमी पायानं जमीन मारायचो. तुजी आजी, आत्या, सगलेजन रांगेत. धा धा दिवस पाय मारायचो, तवा ती टनक व्हायची." मग अगदी हळू म्हणालास, "हितं कोनी पाय मारलेच नाय."

उरलेली दुपार तू फावडं चालवत होतास. मी घे म्हटलं तर देत नव्हतास. फळ्या घातल्या, त्या आत गेल्या. तुझ्या चपला टायरखाली घातल्यास, त्याही गेल्या. मग तू चाकाला पाठ टेकून बसलास आणि म्हणालास, आंबट ढेकर येतायत, ती ॲसिडिटीची पुडी दे. मी पुडी दिली, पाणी दिलं. तुझा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. वाळवंटात, उन्हात, फावडं मारणाऱ्या माणसाचा सदरा भिजणारच, असं मला वाटलं. कुणालाही असंच वाटलं असतं ना रे?

शेळ्यांसाठी पाण्याची टाकी घेऊन चाललेला तो ट्रॅक्टरवाला दिसला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. कडेच्या पक्क्या जमिनीवर ट्रॅक्टर लावून त्याने लांबलचक दोर टाकला आणि तुला विचारलं, "बाबूजी, नमक पे कोई गाडी डालता है क्या?"

"हमारा नमक ऐसा नहीं है," तू म्हणालास. इतक्या गाऱ्यात उभं राहूनही तुला आपल्या मिठाची बाजू सोडवेना.

गाडी बाहेर आली. तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, चाकांवर थापा मारल्यास, आणि माझ्याजवळ येऊन किल्ली माझ्या हातावर ठेवलीस.

"चल बाय. तूच ने आता."

बस, एवढंच. 'सांभाळून' नाही, 'हळू' नाही. पाय धुवायला मी बाटली पुढे केली तर म्हणालास, "पानी प्यायला ठेव." अनवाणी, तसाच बरबटलेल्या पायांनी तू शेजारी चढून बसलास.

परतीच्या वाटेवर त्याच टेकड्या होत्या. मी त्या चढले, बाबा. नाक आभाळाकडे करून, पाय ढिला न करता. नजर समोरून हलवायची नाही हे तूच शिकवलेलं, म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही, पण कान तुझ्या पायाकडे होते. आता आदळेल, आता आदळेल, म्हणून वाट बघत होते. नाही आदळला. शहरात मुक्काम केला, तिथे तू पाय धुतलेस आणि रबरी सपाता घेतल्यास. नंतरचा सगळा रस्ताही मीच चालवला. तू झोपलास, मध्येच उठून शेंगा खाल्ल्यास, परत झोपलास. हायवेवर एक उंट मधोमध आला तेव्हा मी कचकन ब्रेक दाबला आणि डावीकडे बघितलं. तू शांत होतास. चहाला थांबलो तेव्हा टपरीमागे जाऊन मी आईला फोन केला. "आई, बाबाने गाडी दिली मला. सगळी. आणि एकदाही ब्रेक मारला नाही." चाळिशीला आलेली बाई मी, फोनवर रडायला लागले होते आनंदाने.

घरी पोचलो तेव्हा आई दारात उभी होती. तू तिला म्हणालास, "बायनी आनला मना."

दोन दिवस तू बरा होतास. निदान आम्हाला तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवायला निघालास. मीठ लोखंड खातं, म्हणत होतास, आधीच उशीर झालाय. नळाला पाईप लावलास, पुढचं एक चाक स्वच्छ केलंस, आणि तिथेच खाली बसलास. आई सांगते, पाईप तुझ्या हातातून सुटला होता आणि पाणी अंगणभर वाहत होतं.

डॉक्टर तरुण होता. फार नीट बोलत होता. म्हणाला, झटका आज आलेला नाही, काही दिवस आधी येऊन गेला असणार. जळजळ होत होती का? घाम? दम लागत होता का? दादा माझ्याकडे बघायला लागला. मी सगळ्याला हो म्हटलं.

तेव्हापासून मी एकाच जागी रुतून बसले आहे. तू किल्ली का दिलीस, बाबा? त्या चाकाला पाठ टेकून बसलेला असताना तुला कळलं होतं का, की आता आपल्याने होणार नाही? छातीत दुखत होतं म्हणून दिलीस? माझ्याशिवाय तिथे दुसरं होतंच कोण? दादा असता तर त्याला दिली असतीस. पाय आदळला नाही, तो आदळायचं त्राण नव्हतं म्हणून? तू शांत होतास, की कळा सोसत गप्प होतास? आणि मी वेडी टपरीमागे उभी राहून आनंदाने रडत होते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दोन दिवस तुझ्या मरणाचे दोन दिवस निघाले. आता ते मी कुठे ठेवू? आठवले तर जीव गुदमरतो, आणि टाकून द्यावे तर तुझ्याजवळून मिळालेलं तेवढंच आहे. तुला विचारायला आणखी एक दिवस मिळाला असता तर मी तुझी कॉलर धरून विचारलं असतं. विश्वास होता की नाईलाज होता, एक काय ते सांग. बाकी काही नको.

आईला विचारलं. ती म्हणाली, "आता असली काय हिसाब लावतंस? दिली ना त्याने?" दादाला विचारायची सोय नाही. त्याला ती गाडी डोळ्यांसमोर नकोय. अंगणात ती तशीच उभी आहे, एक चाक स्वच्छ आणि बाकी सगळी पोटापर्यंत पांढरी. दहाव्याच्या संध्याकाळी तो म्हणाला, "रविवारी एक गिऱ्हाईक येतंय. हिनी खाल्ला बाबाला. तोवर धुऊन तरी ठेव." त्याचा आवाज फुटत होता, म्हणून मी वाद घातला नाही.

आज सकाळी मी पाईप लावला. तू धुतलेल्या चाकाच्या शेजारच्या चाकापासून सुरुवात केली. गारा दगडासारखा वाळलाय, बोटांनी उकरावा लागतो. तुझ्या फावड्याने उडालेला गारा होता तो. मी तो उकरत होते आणि हुंदके आवरत नव्हते. शेजारची काकू आली, म्हणाली, पोरी, राहू दे, मी करते. मी तिला जवळ येऊ दिलं नाही. माझ्या हातांना गंजाचा आणि मिठाचा वास येतोय, अजून येतोय.

बाहेरून झाली, मग आतून झाडायला घेतली. माझ्या बाजूची चटई पांढऱ्या मातीने भरलेली होती, माझ्या बुटांची. ती झटकली. मग तुझी काढायला गेले.

तुझी चटई स्वच्छ होती, बाबा. भोक होतं तिथे भोक, बाकी जाताना लागलेली थोडी कोरडी वाळू. गाऱ्याचा ठिपका नाही. पोटऱ्यांपर्यंत बरबटलेला माणूस चढला होता त्या सीटवर, मग तो पाय ठेवून बसला कुठे? मी वर बघितलं. तुझ्या सीटच्या तपकिरी रेक्झिनवर मिठाचे दोन पांढरे डाग होते, एकमेकांत अडकलेले. पावलांच्या बाहेरच्या कडा, आणि एका डागात करंगळीसुद्धा दिसत होती. तू मांडी घालून बसला होतास. त्या टेकड्या मी चढत होते, आभाळाशिवाय समोर काही दिसत नव्हतं, माझे कान तुझ्या पायाकडे लागले होते, आणि तू देवळात बसावं तसा दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसला होतास.

मांडी घातलेला माणूस ब्रेक मारू शकत नाही.

डॉक्टरला विचारलं तर तो म्हणेल, छातीत दुखत असलं की माणूस पाय वर घेतो. म्हणेलच. म्हणून मी त्याला विचारणार नाही, दादाला हे डाग दाखवणार नाही, आणि तो कोपरा धुणार नाही. गिऱ्हाईक आलं तर गाडी बाहेर गेली आहे म्हणून सांग, असं मी आईला सांगून ठेवलंय. तिने का म्हणून विचारलं नाही. किल्ली तिनेच आणून दिली.

मग मी जीप बाहेर काढली. कारखान्यांकडे जाणारा तो रस्ता, ट्रेलरने उखडलेला, जिथे तुझा पाय सगळ्यात जास्त आदळायचा. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. हे उत्तर घेऊन मी करू काय? तुझा तो विश्वास मला तुझ्या बदल्यात नको होता. तू जन्मभर माझ्यावर विश्वास ठेवला नसतास तरी चाललं असतं. दर वर्षी नवी चटई आणली असती मी.

फाट्याजवळ एक टँकर एकदम समोर वळला. मला तो लांबूनच दिसला होता. तरी मी पाय ठेवला नाही. अगदी जवळ जाईपर्यंत ठेवला नाही. डावीकडे कान देऊन बसले होते. शेवटी ब्रेक मीच दाबला. टँकरवाला शिव्या घालत निघून गेला, मागचे हॉर्न वाजवत राहिले. शेजारची सीट गप्प होती.

पाय खाली घे ना, बाबा. एकदाच.